बाह्या कापलेला मोराचा झगा

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे, आणि मी चिडलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून म्हणायला नको की कपड्याला कसला आलाय राग! येतो, कपड्याला राग येतो. आम्ही तुमच्या अंगाला चिकटून असतो. तुमचा घाम, तुमची थरथर, छातीतली धडधड सगळं आम्हाला कळतं. आणि एवढं कळूनही आम्हाला तोंड नाही. आज मात्र मी बोलणार आहे.

औरंगपुऱ्यात, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, एका जिन्याखाली द्वारकाबाईंचं दुकान आहे. शाळेच्या गॅदरिंगला लागणारे कपडे त्या भाड्यानं देतात. तिथं वाघ आहेत, ससे आहेत, पऱ्या आहेत, मावळे आहेत, आणि वरच्या फळीवर आम्ही आठ मोर आहोत. आठही एकाच ताग्यातून निघालो. पण जे झालं ते माझ्या आत झालं, म्हणून मी बोलतोय.

द्वारकाबाईंनी मला स्वतःच्या हातानं शिवलं. निळंशार साटीन, मोठा घेर, छातीवर टिकल्यांचे चमचमते डोळे. आणि बाह्या! काय सांगू तुम्हाला माझ्या बाह्यांबद्दल! मनगटापर्यंत लांब, मऊ अस्तराच्या, आणि खालच्या बाजूला हिरव्या-निळ्या पट्ट्यांची झालर. पोरीनं दोन्ही हात पसरले की झालर उघडायची आणि समोर बसलेले आईबाप "अरे वा!" म्हणायचे. ते माझे पंख होते. शिवून झाल्यावर द्वारकाबाईंनी मला दोन्ही हातांवर धरून उजेडात नाचवलं आणि एकट्याच हसल्या होत्या.

पुढं मी पुष्कळ नाचलो. गावातल्या किती तरी शाळांची स्टेजं मी पाहिली. फुलंब्रीकडच्या एका शाळेत तर बैलगाडीच्या साटीवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं, तिथंही मी नाचलो. पोरांनी माझ्या बाहीला नाकं पुसली. एकीनं पडदा उघडायच्या आधी माझ्यावर उलटी केली आणि तशीच जाऊन नाचली, पहिला नंबर आणला. द्वारकाबाई धुवायच्या, निळीत बुडवायच्या, निसटलेली टिकली पुन्हा टाकायच्या. मला कसलं म्हणून दुःख नव्हतं.

आणि हात! मित्रांनो, मी पोरांचे हात जेवढे जवळून पाहिलेत तेवढे त्यांच्या डॉक्टरनं पाहिले नसतील. काळे, गोरे, खरचटलेले, मेंदी उतरत आलेले, शाईनं माखलेले. लव तर सगळ्यांच्याच हाताला असते. कुणाच्या कमी, कुणाच्या दाट. थंडीच्या दिवसांत पोरगी स्टेजमागं उभी राहिली की तिच्या हातावर काटा यायचा, ती लव उभी राहायची आणि माझ्या अस्तराला हळूच टोचायची. मला ते फार आवडायचं. वाटायचं, आता ही नाचणार. इतक्या वर्षांत एकाही पोरीनं आपल्या हाताकडं वाकडं तोंड करून पाहिलेलं मला आठवत नाही.

मग दिवस पालटले. चकचकीत तयार ड्रेस आले, मोबाइलवरचे नाच आले, आणि आम्ही मोर फळीवर पडून राहिलो. धूळ खाल्ली. उंदरानं एकाचं अस्तर कुरतडलं. तेही मी निमूट सोसलं. त्याचा राग नाही मला.

राग आहे तो गेल्या डिसेंबरचा.

एका शाळेतल्या नीरजा मॅडम दुकानात आल्या. त्यांना चौथीच्या आठ मुलींचा मोराचा नाच बसवायचा होता. आम्हाला खाली काढलं तेव्हा माझा आनंद पोटात मावेना. मॅडमनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"द्वारकाबाई, ड्रेस छान आहेत हो, पण ह्या बाह्या फार जुनाट वाटतात. आता सगळीकडे स्लीव्हलेस चालतं. काढून टाकू या."

द्वारकाबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "मॅडम, पंख हायेत ते! पंख काढल्यावर मोर कशाचा? निळी कोंबडी म्हनतील लोक."

"फोटोत नाही हो चांगलं दिसत. बघा बुवा, नाहीतर मी दुसरीकडे विचारते."

झालं. वर्षानुवर्षं पडून असलेले आठ झगे एका झटक्यात भाड्यानं जाणार होते. द्वारकाबाईंनी उसासा टाकला आणि कात्री घेतली. खांद्यापासून कर्र कर्र आवाज येत गेला. कापलेल्या बाह्या टाकून देणं मात्र त्यांच्या जिवावर आलं. एका जुन्या उशीच्या खोळीत भरून त्यांनी त्या माळ्यावर ठेवल्या. आणि मी असा उघड्या खांद्यांचा, काखेत तुटक्या दोऱ्यांचा, ऐन थंडीत शाळेत गेलो.

तिथं मी संस्कृतीच्या वाट्याला आलो.

संस्कृती नऊ वर्षांची. अंगानं काटक, बोलण्यात तरतरीत. तिनं मला घातलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, मोर ओरडतो तेव्हा मान कशी करतो? पुढं काढतो का वर?" कुणाला सांगता येईना. मग तिनं स्वतःच करून पाहिलं, आणि अशी मान काढली की सगळ्या पोरी हसून लोळल्या. नाचायला लागली तेव्हा मला कळलं, ही पोर वेगळी आहे. तिच्या अंगात ताल होता. बाह्या नसतानाही तिनं हात पसरले की मला माझे पंख असल्यासारखं वाटायचं. मॅडमनी तिला पुढच्या रांगेत, मधोमध उभं केलं.

आणि मग मॅडमनी तिचा हात हातात घेतला.

"अगं बाई, संस्कृती! किती केस गं तुझ्या हातावर! स्टेजवर लाइट पडला की दिसतात बाळा. आईला सांग, काढून दे म्हणावं. तू पुढे आहेस ना?"

गोड आवाजात म्हणाल्या. गालाला हात लावून म्हणाल्या. वर्गातल्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. आणि लगेच वळून कॅसेट का काय ते पुन्हा लावायला गेल्या. त्यांच्या दृष्टीनं ते वाक्य तिथंच संपलं.

माझ्या आत काय झालं ते मी सांगतो. पोरीचं अंग एकदम आखडलं. मघापर्यंत पसरलेले दोन्ही हात पाठीमागं गेले. आणि बाकीच्या सातही जणींनी आपापले हात वर करून, उजेडात धरून पाहिले. एका वाक्यात आठ पोरींना कळलं की हाताला केस असतात आणि ते वाईट असतात.

तिच्या बाकावर बसणारी सई नाचातही तिच्या शेजारी होती. तिनं जरा सरकून विचारलं, "तुझा हात लागला तर माझे पण वाढतील का गं?"

सईला काय रागावू? ती खरंच विचारत होती. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी "अस्वल आलं, अस्वल" म्हणालं. त्या पोरावरही मी तेवढा चिडलो नाही. चिडलो मी त्या मोठ्या बाईवर, जिनं पोरांच्या हातात हा दगड आणून दिला.

ड्रेस मापाचे करून आणायला मॅडमनी जिचे तिला घरी दिले. अशा रीतीनं मी पैठण रोडला संस्कृतीच्या घरी गेलो. तिचे वडील शिवराज चितेगावच्या कंपनीत होते, शिफ्ट असेल तसे यायचे-जायचे. आई मुक्ता घरी शिकवण्या घ्यायची. आणि नातीचा नाच बघायला म्हणून फुलंब्रीहून आजी, चतुराबाई, आल्या होत्या.

मुक्तानं मला दारामागच्या खुंटीला लावलं. संस्कृती शाळेची बॅग न काढताच म्हणाली, "आई, माझ्या हातावरचे केस काढ."

"काय? वेडी आहेस का! एवढीशी तर आहेस."

"तू काढतेस. तुझे हात बघ कसे गुळगुळीत आहेत. मग माझे का नाही?"

मुक्तानं आपल्या हातांकडं पाहिलं. ती महिन्याच्या महिन्याला पार्लरमध्ये जायची. ती म्हणाली, "मोठेपणी." पोर म्हणाली, "गॅदरिंग मोठेपणी नाहीये." आणि रडायला लागली. जेवली नाही. रात्री शाल हातांभोवती गुंडाळून झोपली.

बघा, त्या घरात पोरीवर माया नव्हती असं नाही. माया भरपूर होती. पण एकानंही तिला विचारलं नाही, की बाई गं, कालपर्यंत तुला हे दिसतही नव्हतं, आज तुझ्या डोक्यात हे घातलं कुणी? मी दारामागं लटकून ओरडत होतो. विचारा तिला! अरे, विचारा ना! खुंटीवरच्या झग्याचं कोण ऐकतंय!

मुक्ता तिला कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये घेऊन गेली. तिथल्या बाईनं इतक्या लहान पोरीला वॅक्स लावणार नाही म्हणून सरळ परत पाठवलं. मला वाटलं, सुटलो. कसलं सुटलो! घरी चतुराबाई तोंड उघडून बसलेल्या.

"तान्ही व्हती तव्हाच म्हनले व्हते तुला, मुक्ते. रोज पिठाचा गोळा फिरव अंगावरून, लव झडून जाती. तुला पोरीचं रडनं बघवलं नाय. आता बघ."

"आत्याबाई, तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं तेव्हा."

"कोनाच्या लेकराला पुरळ उठत नाय? आमी काय लेकरं वाढवली नाय व्हय?"

हे बोलणं त्या घरात नवं नव्हतं. पोरगी जन्मल्यापासून सासू हे सुनेला ऐकवत होती. मुक्ता वरवर झटकून टाकायची, पण आत कुठंतरी तिला ते पटलेलं होतं. आपण कमी पडलो, आपण आळस केला, म्हणून आज आपली पोर रडतेय. मित्रांनो, आईला एकदा असं वाटलं ना, की मग ती काहीही करते.

तिनं डाळीचं पीठ घेतलं. हळद घातली, साय घातली, घट्ट गोळा मळला. तान्ह्या बाळाच्या अंगावरून जो गोळा मायेनं, हलक्या हातानं फिरवायचा, तो तिनं नऊ वर्षांच्या पोरीच्या हातावर दाबून घासायला सुरुवात केली. खाली-वर, खाली-वर. चतुराबाई शेजारी बसून सांगत होत्या, "उलटा फिरव. जोर लाव. मुळापासून निघाया पायजे."

"आई, दुखतंय."

"थांबू का?"

"नको. काढ."

परत थोड्या वेळानं "आई गं!" आणि परत "नको, थांबू नको, काढ." दात आवळून, डोळे मिटून पोर बसून होती. हात लाल झाले, मग सुजले. मधूनमधून बारीक रक्ताचे ठिपके आले, त्यावर हळद झोंबली. आणि लव? लव होती तिथंच. कुठं जाते!

माझं डोकं असं फिरलं, असं फिरलं! अरे, मोराचं एक पीस कुणी उपटलं तर तुम्ही गलका कराल, पक्ष्याला त्रास देतो म्हणून चार जण धावून जातील. आणि तोच मोर व्हायला निघालेल्या पोरीची कातडी सोलवटून काढताय? कशासाठी? तर फोटो चांगला यावा म्हणून! माझ्या बाह्या जागेवर असत्या तर हा दिवसच उगवला नसता. बाह्या काढायच्या माझ्या आणि केस काढायचे तिचे, हा कुठला न्याय आहे?

दुसऱ्या दिवशी सरावाला मॅडमनी तिचे हात पाहिले. "अगं, हे काय करून घेतलंस? लाल चट्टे उठलेत! आज मागच्या रांगेत उभी राहा, बघू पुढे कसं करायचं ते." संस्कृतीच्या जागी सईला उभं केलं.

पोर मागं जाऊन उभी राहिली. नाचली, पण हात कोपरापासून दुमडून, छातीशी धरून. मोराची ती मान तिनं त्या दिवशी काढलीच नाही.

संध्याकाळी मुक्ताच्या शिकवणीला पोरं आलेली होती. आतल्या खोलीत संस्कृतीनं मला अंगात घातलं, मोरीत गेली आणि कडी लावली. आरशाखाली वडिलांच्या दाढीचं सामान होतं. तिनं रेझर घेतलं. मला वाटलं खेळतेय. तिनं डावा हात पुढं केला, साबणाचं पाणी लावलं, आणि वडिलांना करताना पाहिलं होतं तसं हळूच ओढायला लागली. मी तिच्या अंगावर होतो, मित्रांनो. तिच्या काळजाचे ठोके माझ्या टिकल्यांना जाणवत होते. मनगटापासून वरपर्यंत नीट गेली. कोपराच्या हाडावर पातं सटकलं.

रक्त आलं. बरंच आलं. तिनं घाबरून हात छातीशी धरला, तो माझ्यावर. निळ्या साटीनवर काळपट डाग पसरला. तरी ती ओरडली नाही. नळ सोडला आणि हात धुवायला लागली. रेझर खाली पडल्याचा आवाज ऐकून मुक्ता धावत आली. "संस्कृती! कडी काढ! काढ आधी!"

कडी निघाली. मुक्तानं पाहिलं. तिनं पोरीचा हात ओढणीत गुंडाळला आणि हमसाहमशी रडायला लागली. तेव्हा संस्कृती तिला काय म्हणाली, ते ऐका.

"रडू नको ना आई. थोडंच लागलंय. आता एकच हात राहिलाय. तो तू कर, मला डाव्या हातानं जमत नाही."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. चिंध्या झालो तरी विसरणार नाही.

जखम खोल नव्हती. डॉक्टरनं पट्टी बांधली. घरी आल्यावर मुक्तानं पोरीला मांडीवर घेतलं, आणि इतक्या दिवसांत जो प्रश्न कुणी विचारला नव्हता तो अखेर विचारला. "बाळा, हे काढायचं म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"मॅडमनी. सगळ्यांसमोर."

 मुक्ताच्या तोंडाचा रंग बदलला.

चतुराबाई हळद-दुधाचा पेला घेऊन आल्या. काम करताना पोलक्याची बाही दंडापर्यंत सरकवलेली. संस्कृती त्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, तुझ्या पण हातावर आहेत. माझ्यासारखेच. तुला लहानपणी पीठ नव्हतं का लावलं?"

"लावलं व्हतं की. माझी आज्जी रोज लावायची."

"मग?"

चतुराबाईंनी आपल्या हाताकडं पाहिलं. त्या हातानं त्यांनी शेत खुरपलं होतं, कापूस वेचला होता, घरदार उभं केलं होतं, आणि कधी त्याच्यावर काय आहे हे बघायला त्यांना सवड झाली नव्हती. पेला तसाच हातात राहिला. "मग काय... माझ्यावर गेलीस तू," असं कसंबसं म्हणाल्या. मग मुक्ताकडं न बघता म्हणाल्या, "लई बोलले मी तुला, पोरी. नऊ वरीस बोलले. उगंच."

सकाळी मुक्तानं मला पिशवीत घातलं, डागासकट, आणि शिवराजच्या गाडीवर मागं बसून शाळेत आली. सराव चालू होता, संस्कृती पट्टी बांधलेल्या हातानं मागच्या रांगेत उभी होती. तिनं मला पिशवीतून काढून मॅडमच्या टेबलावर पसरलं.

"हे माझ्या पोरीचं रक्त आहे, मॅडम. तुम्ही सांगितलं होतं ना, केस काढून ये म्हणून? काढले तिनं. बापाच्या रेझरनं."

मॅडमचा चेहरा उतरला. "अहो, मी तिच्या चांगल्यासाठीच बोलले हो. मुलं किती चिडवतात! मी स्वतः भोगलंय. मला शाळेत मिशीवाली म्हणायचे."

"मग तुम्हाला तर माहीत होतं किती लागतं ते. तरी वर्गासमोर पहिलं तुम्हीच म्हटलंत? तुमच्याआधी एकही पोर तिला चिडवत नव्हतं!"

मुक्तानं माझ्या खांद्याला हात घातला. काखेतले तुटके दोरे तिच्या बोटांना लागले. "आणि ह्याच्या बाह्या कुठं गेल्या? कापल्यात ना? माझ्या पोरीचे हात चांगले धडधाकट आहेत. मोडतोड झालीय ती ह्या झग्याची. आठही झग्यांना बाह्या लावून आणते मी. चालणार नसेल तर संस्कृती नाचणार नाही."

"आई, मला नाचायचंय!" मागच्या रांगेतून पोर ओरडली. मुक्ताचे डोळे भरले, पण ती हलली नाही. माझ्या तर काळजाचं पाणी झालं. मॅडम नाही म्हणाल्या असत्या तर?

"आणा लावून," मॅडम म्हणाल्या. "आणि संस्कृती, पुढे ये तुझ्या जागेवर."

माफी मागितली नाही हं त्यांनी. मी वाट बघत होतो. आजही बघतोय. पोरीचा हात धरताना सगळा वर्ग ऐकत होता. मग माफीही वर्गानं ऐकायला नको होती का?

द्वारकाबाईंनी माळ्यावरून खोळ काढली. मशीनवर दिवसभर बसल्या, मुक्ता शेजारी बसून टाके उसवत-घालत राहिली. "कात्री मीच चालवली ना," असं द्वारकाबाई मधेच पुटपुटल्या आणि पुन्हा पायडल मारायला लागल्या. माझे पंख परत आले. डाग काही पूर्ण गेला नाही. त्यावर त्यांनी एक मोठी टिकली टाकली.

गॅदरिंगला संस्कृती पुढच्या रांगेत मधोमध नाचली. हात पसरले, मान काढली, टाळ्या तर अशा पडल्या की मंडपाचे खांब हलावेत. सगळ्यांना वाटलं, झालं, प्रश्न मिटला. मुक्तालाही वाटलं. पण नाच संपल्यावर सगळ्या पोरींनी भराभर झगे उतरवले, हिनं मला उतरवूच दिलं नाही. तशीच घरी गेली. मला तेव्हाच कळलं, की मी आता तिचा पंख नाही राहिलो. मी तिची लपायची जागा झालोय. इतका मोठा अपमान माझा कात्रीनंही केला नव्हता.

मग मी दुकानात फळीवर परतलो आणि एप्रिल उजाडला. बाहेर ऊन असं, की औरंगपुऱ्यात दुपारी कुत्रंही फिरकेना. मुक्ता आणि संस्कृती दुकानात आल्या. सुट्टीतल्या शिबिरात नाच होता आणि मोराचाच झगा असेल तर मी नाचीन, असं पोरीनं सांगितलं होतं. मी फळीवरून पाहिलं. एवढ्या उन्हात पोरीच्या अंगात पूर्ण बाह्यांचं जर्किन! चेन गळ्यापर्यंत लावलेली, कपाळावरून घाम निथळतोय. लव तर कधीच परत आली होती, होती तश्शी. पण वाऱ्यावर हात सोडून फिरणारी पोर काही परत आली नव्हती. मुक्ता हळूच द्वारकाबाईंना सांगत होती, शिकवण्यांतली पोरं अर्ध्या बाह्यांनी खेळतात, ही जर्किन घालून त्यांचा स्कोअर मोजत बसते. एक वाक्य, मित्रांनो! बोलायला दोन घोट पाण्याइतका वेळ लागला असेल. पण पुसता पुसलं जात नाही.

द्वारकाबाईंनी मला खाली काढलं. मला घालायचं तर जर्किन काढावं लागणार होतं. पोर तशीच उभी राहिली. आजूबाजूला पाहिलं. चेनीला हात लावला आणि सोडला.

 मुक्तानं समजावलं नाही, दटावलं नाही. तिनं फक्त "काय उकडतंय गं बाई!" म्हणून कुर्त्याच्या बाह्या कोपराच्या वर सरकवल्या आणि रुमालानं मान पुसली. संस्कृतीचं लक्ष गेलं.

"आई! तुझे पण आलेत!"

"आले ना. डिसेंबरनंतर गेलेच नाही मी पार्लरला."

"आता काढणारच नाहीस?"

"बघू. मनात आलं तर काढीन, नाही आलं तर नाही. माझे हात आहेत, कुणाला विचारायचंय? तू पण मोठी झालीस की ठरव तुझं तू. आत्ता उकडतंय, ते जर्किन काढ आधी."

पोरीनं आईचा हात घेतला. आपला बाहीतला हात बाहेर काढून त्याच्या शेजारी धरला. दोन्हीकडं नीट पाहिलं. "माझे जास्त आहेत," म्हणाली, आणि जर्किन काढून द्वारकाबाईंच्या टेबलावर टाकलं. मग मला डोक्यावरून घातलं, हात पसरले, आणि त्या अरुंद दुकानात मावेल तेवढी गिरकी घेतली. बाही सरकून कोपरापर्यंत आली. ती तिनं खाली ओढली नाही. द्वारकाबाईंकडं बघून तिनं मोराची मान काढली. फॅनच्या वाऱ्यानं घामावर गारवा आला, तिच्या हातावर काटा उभा राहिला आणि माझ्या अस्तराला टोचला. किती दिवसांनी टोचला!

तर मित्रांनो, एक मागणं आहे, आणि ते तुमच्यापेक्षा तुमच्या मोठ्या माणसांकडं जास्त आहे. एवढंसं लेकरू येऊन "माझे केस काढ" म्हणालं, तर लगेच पीठ, मेण, रेझर शोधायला धावू नका. आधी त्याला जवळ घ्या आणि विचारा, तुला बोललं कोण? मग उठा आणि त्या बोलणाऱ्याकडं जा. आणि बोलणारे तुम्हीच असाल, तर जीभ आवरा. काय काढायचं ते तिथून काढायला सुरुवात करा.

माझ्या छातीवर, डाव्या बाजूला, एक टिकली बाकीच्यांपेक्षा मोठी आहे. द्वारकाबाईंच्या दुकानात आलात तर मला हातात घेऊन बघा. तिच्याखाली काय आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.